अर्ध्या टक्क्याची साधना

गच्चीवर सौर पॅनेल बसविणे ही आता मूठभर श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. शाळेच्या छतावर, सहकारी बँकेच्या इमारतीवर, विहिरीच्या काठी उभारलेल्या सांगाड्यावर काळसर-निळ्या पट्ट्या दिसू लागल्या आणि लोकांच्या डोळ्यांना त्यांची सवयही झाली. जी वस्तू सवयीची होते तिच्यामागचे कष्ट सर्वांत आधी विस्मरणात जातात. सौर वीज स्वस्त झाली ती सरकारी अनुदानामुळे, किंवा चीनमधल्या प्रचंड कारखान्यांमुळे, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. त्या पॅनेलच्या काचेखाली सिलिकॉनची जी पातळ चकती असते, तिने गेल्या चाळीस वर्षांत जे रूप घेतले, ते मुख्यतः ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत घडले. तेथे काही माणसे टक्क्याच्या एकेका अंशासाठी वर्षानुवर्षे झटत होती. त्या प्रयोगशाळेची हकीकत भारताने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. कारण तिच्यात यशाइतकीच हातातून निसटलेल्या संधीचीही नोंद आहे.

या प्रयोगशाळेचे प्रमुख मार्टिन ग्रीन यांचा जन्म १९४८ साली ब्रिस्बेन येथे झाला. क्वीन्सलंड विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९७४ मध्ये ते सिडनीला अध्यापक म्हणून रुजू झाले. काळ मोठा सूचक होता. आदल्याच वर्षी अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला होता आणि तेलावाचून चालणारी ऊर्जा कोठे मिळेल या विवंचनेत सारे औद्योगिक जग पडले होते. जपानने १९७४ मध्येच सौर ऊर्जेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. अमेरिकेनेही संशोधनासाठी पैसा ओतला. ऑस्ट्रेलियाला मात्र तशी निकड नव्हती, कारण त्या देशाच्या भूगर्भात कोळसा विपुल आहे. अशा देशात एका तरुण अध्यापकाने सूर्यप्रकाशापासून वीज करण्याच्या विद्येत जन्म घालविण्याचे ठरवावे, हे व्यवहारी माणसाला शहाणपणाचे वाटले नसते.

ती विद्या नवीन नव्हती. एदमाँ बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो हे दाखविले होते. पुढे सेलेनियम या मूलद्रव्याचे घट तयार झाले. पण त्यांच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम एक टक्का ऊर्जा विजेत उतरे. खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी एप्रिल १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट जाहीर केला आणि त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के भरली. १९५८ मध्ये ‘व्हॅनगार्ड-१’ हा अमेरिकी उपग्रह असे घट घेऊन अवकाशात गेला. तेव्हापासून उपग्रहांना सौरघटांवाचून गत्यंतर राहिले नाही. तेथे किमतीचा प्रश्न नव्हता. पृथ्वीवर मात्र तो एकच प्रश्न होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास सौर पॅनेलची किंमत, आजच्या पैशात मांडली तर, एका वॅटमागे सुमारे शंभर डॉलर होती. एवढ्या किमतीत साधा विजेचा दिवा लावणेही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

किंमत उतरविण्याचा एक मार्ग सर्वांना सुचतो. घट स्वस्तात करावा. दुसरा मार्ग तितका सहज सुचत नाही. तो म्हणजे त्याच घटातून अधिक वीज काढणे. सौर पॅनेलवर जो खर्च होतो तो केवळ सिलिकॉनचा नसतो. काच, चौकट, तारा, सांगाडा, जमीन, बसविणाऱ्याची मजुरी, हे सारे त्यात येते. आणि हा खर्च घट चांगला असो वा वाईट, सारखाच येतो. म्हणून घटाची कार्यक्षमता पंधरा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेली, तर तेवढीच वीज मिळविण्यासाठी चार पॅनेलांच्या जागी तीन पुरतात. चौथ्या पॅनेलची काच वाचते, लोखंड वाचते, जागा वाचते. अर्ध्या टक्क्याची वाढ कागदावर क्षुल्लक दिसते; परंतु ती लक्षावधी चौरस मीटरांना लागू होते तेव्हा तिचे मोल कळते. ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दुसरा मार्ग धरला.

सौरघटात नेमके काय घडते हे समजल्याशिवाय या कामाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. तांब्याप्रमाणे तो वीज सहजी वाहू देत नाही आणि काचेप्रमाणे अडवूनही धरीत नाही. त्याच्या अत्यंत शुद्ध स्फटिकात एका बाजूला बोरॉनचा आणि दुसऱ्या बाजूला फॉस्फरसचा सूक्ष्म अंश मिसळला, की दोन भागांच्या सीमेवर एक अंतर्गत विद्युत्क्षेत्र तयार होते. प्रकाशाचा कण सिलिकॉनमध्ये शिरला की तेथील एक इलेक्ट्रॉन जागचा सुटतो. ते विद्युत्क्षेत्र त्याला एका बाजूस लोटते. बाहेरच्या तारेतून तो फिरून आला की झाली वीज. तत्त्व एवढे सोपे आहे. अडचण अशी, की सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेत कोठेही पुन्हा अडकू शकतो. स्फटिकात परका अणू असला, रचनेत दोष असला, किंवा इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोहोचला, की तो पुन्हा जागेवर बसतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पृष्ठभाग विशेष घातक. कारण तेथे स्फटिकाची मांडणी तुटलेली असते आणि अणूंचे बंध मोकळे लोंबकळत राहतात.

या गळतीला निसर्गाने घालून दिलेली एक मर्यादाही आहे. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखविले, की एकाच अर्धवाहकाच्या घटाला सूर्यप्रकाशाच्या जेमतेम एक तृतीयांश ऊर्जेपलीकडे जाता येणार नाही. काही किरणांत इलेक्ट्रॉनला सोडविण्याइतकी शक्तीच नसते. काहींत ती गरजेहून जास्त असते आणि वरकड ऊर्जा उष्णतेत जाते. सिलिकॉनसाठी ही कमाल मर्यादा सुमारे २९ टक्के मानली जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगशाळेतील उत्तम घट सोळा-सतरा टक्क्यांवर होते. मधल्या बारा टक्क्यांत निसर्गाचा दोष नव्हता; तो माणसाच्या कारागिरीचा होता. सिडनीच्या प्रयोगशाळेने एकेक गळती शोधून ती बुजविण्याचे काम हाती घेतले.

१९८५ मध्ये या प्रयोगशाळेने वीस टक्क्यांची पायरी गाठली. सिलिकॉनच्या घटाला ते तोवर कोणालाही साधले नव्हते. परंतु सर्वांत दूरगामी ठरली ती घटाच्या पाठीची दुरुस्ती. जुन्या घटाची मागची बाजू पूर्णपणे ॲल्युमिनियमने मढविलेली असे. वीज बाहेर काढण्यासाठी धातू हवा हे खरे. पण धातू आणि सिलिकॉन जेथे भेटतात तेथेच इलेक्ट्रॉन सर्वाधिक संख्येने नष्ट होतात. ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंमध्ये विद्युत्‌रोधक पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा घातला आणि त्याला मोजकी बारीक छिद्रे ठेवली. धातूचा स्पर्श फक्त त्या छिद्रांतून व्हायचा. पापुद्र्याने पृष्ठभागावरचे मोकळे बंध झाकले गेले. शिवाय जो तांबडा प्रकाश घटातून आरपार निघून जात असे, तो मागच्या बाजूवरून परावर्तित होऊन पुन्हा सिलिकॉनमध्ये शिरू लागला. एका पापुद्र्याने दोन कामे केली. १९८९ मध्ये अँड्र्यू ब्लेकर्स, आइहुआ वांग, जिआनहुआ झाओ आणि ग्रीन यांच्या गटाने ही रचना आणि तिची २२.८ टक्के कार्यक्षमता प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘पर्क’ हे नाव पडले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या गटाचा घट २४.७ टक्क्यांवर गेला. पुढे सूर्यप्रकाश मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात दुरुस्ती झाली आणि २००८ मध्ये तोच आकडा २५ टक्के असा नोंदला गेला. हा विक्रम २०१४ पर्यंत अबाधित राहिला. मोजमापाचा हा काटेकोरपणा या प्रयोगशाळेचा स्वभावच होता. जगात कोणत्या पदार्थाच्या घटाने किती कार्यक्षमता गाठली याची पडताळलेली कोष्टके ग्रीन आणि इतर देशांतील तज्ज्ञ १९९३ पासून नियमितपणे प्रसिद्ध करीत आले आहेत. आपल्याच प्रयोगशाळेने सांगितलेला आकडा खरा मानायचा नाही, मान्यताप्राप्त तटस्थ केंद्रात तो तपासून घ्यायचा, हा दंडक त्यामुळे या विद्याशाखेत रुजला. दाव्यांच्या बाजारात चोख हिशेब ठेवणारा कारकून किती मोलाचा असतो याचे हे उदाहरण आहे.

एवढे मोठे संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले असताना ते कारखान्यात यायला जवळपास पंचवीस वर्षे का लागली? प्रयोगशाळेतला तो पापुद्रा ज्या रीतीने चढविला जाई ती खर्चिक होती. २००० नंतरच्या दशकात युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले, की ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर हेच काम उत्तम प्रकारे करतो. छिद्रे पाडण्यासाठी लेसर उपलब्ध झाला. आणि मग ही रचना उत्पादनाच्या पट्ट्यावर चढली. २०२० च्या दशकाच्या प्रारंभी जगात तयार होणाऱ्या सौरघटांपैकी फार मोठा भाग याच रचनेचा होता. आता तिची जागा तिच्याहून सुधारित रचना घेत आहेत. पण पृष्ठभाग झाकून इलेक्ट्रॉन वाचविण्याचे सूत्र त्यांतही कायम आहे. २०२३ मध्ये ब्रिटनचे ‘क्वीन एलिझाबेथ पारितोषिक’ ग्रीन, ब्लेकर्स, वांग आणि झाओ या चौघांना मिळून देण्यात आले. श्रेय एका नावाला न देता चौघांना द्यावे, हे या कामाच्या स्वरूपाला धरूनच झाले.

येथवरची कथा विद्येच्या विजयाची आहे. पुढची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. ज्या देशात ही विद्या जन्मली त्या देशाला तिचा कारखानदारी लाभ फारसा मिळाला नाही. सिडनीच्या प्रयोगशाळेत चीनमधून आलेले विद्यार्थी होते. शी झेंगरोंग हे त्यांपैकी एक. ग्रीन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९९२ मध्ये डॉक्टरेट मिळविली, काही वर्षे ऑस्ट्रेलियातच काम केले, आणि मग ते मायदेशी परतले. वूशी शहराच्या प्रशासनाने त्यांना भांडवल मिळवून दिले. २००१ मध्ये ‘सनटेक’ ही कंपनी स्थापन झाली आणि २००५ च्या अखेरीस तिचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जाऊ लागले. सिडनीत शिकलेली इतर माणसेही चीनच्या सौर उद्योगात मोठ्या जागांवर गेली. त्याच सुमारास जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर वीज निश्चित दराने विकत घेण्याची हमी दिली आणि पॅनेलांना मोठी बाजारपेठ मिळाली. विद्या ऑस्ट्रेलियाची, गिऱ्हाईक जर्मनीचे आणि कारखाना चीनचा, असा हा त्रिवेणी संगम झाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार पॅनेलच्या उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक झाला होता. १९७० च्या दशकात शंभर डॉलरना मिळणारा वॅट आज पाव डॉलरहूनही स्वस्त झाला आहे.

या यशाला काळी बाजूही आहे. बेसुमार विस्तारामुळे सनटेकची प्रमुख कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा विद्या हाती असली की व्यापारात अपयश येत नाही असे कोणी समजू नये. सिलिकॉन शुद्ध करण्यासाठी प्रचंड वीज लागते आणि चीनमध्ये ती बव्हंशी कोळशापासून येते. शिन्ज्यांग प्रांतात मजुरांना सक्तीने राबविले जाते या आरोपावरून अमेरिकेने २०२१ मध्ये तेथील मालाविरुद्ध कायदा केला. स्वस्त वस्तूच्या किमतीत जे धरलेले नसते ते कोणीतरी कोठेतरी मोजीत असतेच. तथापि चीनने ही विद्या चोरली, असे म्हणून समाधान मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. विद्यार्थी उघडपणे आला, शिकला आणि घरी गेला. घरी त्याला कोणीतरी विचारले, की तुला काय हवे? ऑस्ट्रेलियात तो प्रश्न त्याला पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही, एवढाच या प्रकरणाचा मथितार्थ.

भारताची स्थिती या तिन्ही देशांहून वेगळी आहे. सौर ऊर्जेला भारत उशिरा जागा झाला असे म्हणता येणार नाही. साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने १९७७ मध्येच देशात सौरघट तयार केला होता आणि पुढच्या वर्षी पॅनेलही बनविले होते. म्हणजे सनटेकच्या स्थापनेच्या जवळपास पाव शतक आधी हे कौशल्य येथे होते. मधल्या काळात ते वाढले नाही. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले; २०२५ च्या आरंभी देशाची सौर वीजनिर्मितीची स्थापित क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. कृषिपंप सौर विजेवर चालविण्यात महाराष्ट्राने आघाडी घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांच्या छतांवर पॅनेल बसविण्याची योजना ७५ हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह जाहीर केली. ही सारी कामगिरी अभिमानास्पद आहे. परंतु पॅनेल जुळविण्याचे कारखाने येथे वेगाने वाढले असले आणि घटांचेही वाढू लागले असले, तरी त्यांना लागणारे शुद्ध सिलिकॉन आणि त्याच्या चकत्या यांसाठी देश आजही मुख्यतः परदेशावर अवलंबून आहे. दागिना येथे घडतो. सोने बाहेरून येते आणि घडविण्याचे यंत्रही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गरीब देशाने स्वस्त वस्तू जेथे मिळेल तेथून घ्यावी; शोध इतरांनी लावावेत, उपयोग आपण करावा. ज्या शेतकऱ्याला पिकाला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री शिवारात जावे लागते, त्याला दिवसा वीज मिळण्याशी मतलब आहे. पॅनेल कोठे बनले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हा युक्तिवाद फेटाळून लावण्यासारखा नाही. शेतकऱ्याची गरज संशोधन पुरे होईपर्यंत तिष्ठत ठेवावी असे कोणीही म्हणणार नाही. पण आज विकत घेणे आणि उद्यासाठी शिकणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. उलट, नुसते विकत घेणाऱ्याला बाजाराचा फटका कसा बसतो हे नुकतेच दिसून आले. २०२० ते २०२२ या काळात शुद्ध सिलिकॉनच्या किमती तिपटीहून अधिक वाढल्या आणि पॅनेल स्वस्त होत जाण्याचा वर्षानुवर्षांचा क्रम काही काळ उलटा फिरला. ज्याच्या हाती ना खाण ना विद्या, त्याला मागतील तो भाव देण्याखेरीज उपाय नसतो.

दुसरे कारण याहून मूलभूत आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता ही २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. सिलिकॉनचा घट तापला की त्याची वीज कमी होते. दर अंशामागे साधारण तिनाच्या दशांश टक्क्यापासून अर्ध्या टक्क्यापर्यंत. विदर्भातल्या मे महिन्यात पॅनेलचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. तेव्हा छापील आकड्यातून दहा टक्क्यांहून अधिक वीज नुसत्या उष्णतेने वजा होते. धुळीचा हिशेब आणखी वेगळा. थंड देशांत ही अडचण एवढी तीव्र नाही, म्हणून तिच्यावर तेथे कोणी आयुष्य घालवील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये २०१० पासून सौर विजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याच्या अभ्यासकांनी देशाच्या निरनिराळ्या हवामानांत बसविलेली पॅनेल प्रत्यक्ष जाऊन तपासली, तेव्हा उष्ण प्रदेशांत त्यांची झीज अधिक वेगाने होते असे आढळून आले. हे ज्ञान विकत मिळत नाही. ते येथल्याच उन्हात उभे राहून मिळवावे लागते.

तिसरे कारण भविष्याचे आहे. सिलिकॉनचे उत्तम घट आता २७ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. म्हणजे त्यांची २९ टक्क्यांची कमाल मर्यादा हाकेच्या अंतरावर आली आहे. पुढची झेप दुसऱ्या पदार्थाच्या जोडीने घ्यावी लागेल. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये पेरोव्हस्काइट या स्फटिकरचनेच्या पदार्थाचा घट केला. तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. सिलिकॉनवर या पदार्थाचा थर चढविला, की वरचा थर निळ्या बाजूचा प्रकाश घेतो आणि खालचा तांबड्या बाजूचा. अशा जोडघटांनी प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांची पातळी ओलांडली आहे. अडचणी अजून मोठ्या आहेत. हा पदार्थ दमट हवेत टिकत नाही, उष्णतेने बिघडतो, आणि त्यात शिसे असते. येथेही जुन्याच जातीचे, चिकाटीचे काम पडलेले आहे. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे थर रासायनिक द्रावणांतून, तुलनेने कमी तापमानाला तयार करता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अर्धवाहकांचे पातळ थर रासायनिक पद्धतींनी तयार करण्याचा अभ्यास कित्येक वर्षे चालत आलेला आहे. महागडी यंत्रसामग्री नसताना साध्या साधनांनी चांगले संशोधन होऊ शकते हे तेथील विद्यार्थ्यांना कोणी नव्याने सांगायला नको. या स्पर्धेत भारताने आरंभरेषेपासूनच मागे राहण्याचे कारण नाही.

मागे राहण्याचे कारण घडेल ते एकच, आणि ते म्हणजे धीराचा अभाव. देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही संशोधनावर खर्च करीत नाही. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण ०.६४ टक्के इतके नोंदले गेले आहे. उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून कारखान्यांना सरकार रक्कम देते, आयात मालावर शुल्क बसविते. ते आवश्यकही असेल. पण शुल्काच्या भिंतीआड उभा राहिलेला कारखाना पुढच्या पिढीच्या घटाची विद्या आपोआप निर्माण करीत नाही. ती विद्या निर्माण करणारा तरुण विद्यापीठात असतो, आणि तेथे त्याला शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्‌महिने मिळत नाही, बिघडलेल्या उपकरणाचा सुटा भाग मागविण्यासाठी निविदांचे सोपस्कार पुरे करावे लागतात, आणि तीन वर्षांचा प्रकल्प संपताच ‘निष्पन्न काय?’ असा सवाल केला जातो. सिडनीच्या प्रयोगशाळेला १९७७ मध्ये कोणी हा सवाल केला असता तर तिला काय सांगता आले असते? पर्क घटाची रचना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाच्या छपरांवर ती २०१० नंतरच्या दशकात चढली. तीन वर्षांच्या मापाने मोजले असते तर ती आठ वेळा नापास ठरली असती.

सिडनीच्या कथेतून भारताने घ्यावयाचे धडे म्हणूनच दोन आहेत आणि ते एकमेकांपासून अलग करता येत नाहीत. पहिला असा, की चांगले संशोधन हे बहुधा चमत्कारासारखे अवतरत नाही. ते अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने पुढे सरकते आणि त्याला दीर्घकाळ, खंड न पडता पोसावे लागते. दुसरा असा, की पोसलेल्या संशोधनाला घरात काम मिळाले नाही तर ते पाहुण्यासारखे निघून जाते. ऑस्ट्रेलियाने पहिली गोष्ट बऱ्याच अंशी केली आणि दुसरी केली नाही. भारतात आज कारखाने उभे राहत आहेत, बाजारपेठ तर अफाट आहे. म्हणजे दुसऱ्या गोष्टीची सोय येथे होऊ लागली आहे. उणीव पहिलीची आहे. सौर योजनांसाठी जो पैसा दरवर्षी मंजूर होतो, त्यातला एक लहान पण निश्चित हिस्सा देशातील पाच-सहा प्रयोगशाळांना पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीने बांधून द्यावा. त्यांच्या घटांची मोजणी तटस्थ यंत्रणेकडून होऊन ती जाहीर व्हावी. आणि अनुदान घेणाऱ्या कारखान्यांवर या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांना आपल्या उत्पादनाच्या पट्ट्यावर काम करू देण्याचे बंधन असावे. यातली एकही गोष्ट देशाच्या ताकदीबाहेरची नाही.

आणखी एक गोष्ट शाळा-महाविद्यालयांच्या कक्षेतली आहे. ग्रीन यांनी १९८२ मध्ये सौरघटांवर एक पाठ्यपुस्तक लिहिले; जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती ते गेले. त्यांच्या विद्यापीठाने पुढे सौरविद्युत् अभियांत्रिकीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. संशोधनाइतकेच शिकविण्याला त्यांनी मानले, म्हणूनच त्यांचे विद्यार्थी जगाच्या बाजारात उभे राहू शकले. आज महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांच्या छतांवर पॅनेल आहेत आणि त्यांच्या खालीच बसून मुले प्रकाशाचा धडा पाठ करतात. वरचे पॅनेल सकाळी किती वीज देते, भर दुपारी तापल्यावर किती देते, धूळ पुसल्यावर किती वाढते, याची वही त्या मुलांनी ठेवावी असे एखाद्या शिक्षकाने मनावर घेतले, तर त्याला सरकारी मंजुरीची गरज पडणार नाही. सूर्य या देशाला उदंड मिळाला आहे आणि त्याच्या उजेडावर कोणाचे आयात शुल्क नाही. पण उजेड फुकट असला तरी त्याचे विजेत रूपांतर करण्याची विद्या फुकट नाही. ती स्वतः मिळवायची की पिढ्यान्‌पिढ्या विकत घेत राहायचे, एवढाच निर्णय बाकी आहे. आणि तो लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच ठरेल.